वाचायची जागा आणि लिहायची जागा

शाहीन,

तुझ्या घरी त्या दिवशी मला बसायला जागा मिळाली ती उंबऱ्याजवळ, चपलांच्या ढिगाशेजारी. आत तुझ्याभोवती बायका दाटीवाटीनं बसलेल्या, आणि तुझ्या अम्मीच्या मांडीला मांडी लावून बसलेली माझी केतकी. डोक्यावरून तुझी हिरवी ओढणी घेतलेली, अम्मीचा हात दोन्ही हातांत धरलेला. येणारी प्रत्येक बाई आधी अम्मीला कवटाळायची आणि मग केतकीला. कुणी तिला पाणी देत होतं, कुणी पाठीवरून हात फिरवत होतं. तुझ्या कुठल्याशा मामीनं माझ्याकडं वळून विचारलं, "तुमी कोण म्हणायच्या?"

सांगलीच्या कॉलेजात एका बाकावर बसलेली, हॉस्टेलात एका ताटात जेवलेली, तुझ्याशी भांडण्यात अख्खं आयुष्य घालवलेली वैशाली, असं सांगायला पाहिजे होतं. माझ्या तोंडून निघालं, "मी केतकीची आई."

"आस्सं व्हय," त्या म्हणाल्या, "मग भाईर का बसलाय? आत या की."

मी गेले नाही. रडू येत होतं आणि पोटात दुखतही होतं, आणि यातलं कुठलं आधी आलं ते विचारू नकोस. माणूस गेलं की त्याच्याबद्दलचं सगळं वाईट आपोआप धुऊन जातं असं लोक म्हणतात. माझं नाही गेलं. घरी येऊन आंघोळ केली, चहा टाकला, तरी ते जिथल्या तिथं होतं. मला तुझा हेवा वाटत होता. तू नाहीस आणि तरी वाटत होता, म्हणजे बघ.

आपल्या वर्गात मी पहिली यायचे. तू कधी तिसरी, कधी सातवी, एकदा तर एका विषयात राहिलीस. पण सर प्रश्न विचारायचे ते तुला. मी पुस्तक पहिल्या पानापासून वाचून, खुणा करून, पाठ करून यायचे. तू मधलंच कुठलंतरी पान उघडायचीस, कपाळाला आठ्या घालून थोडं वाचायचीस आणि म्हणायचीस, "हां, म्हंजे आसं हाय ते." आणि ते तसंच असायचं. मला इतका राग यायचा की मी तुझ्या वाटणीला मुद्दाम भाकरीची करपलेली कड ठेवायचे. तुला कळायचं नाही. तुला कडच आवडायची.

पुढं मी कोरेगावच्या कॉलेजात शिकवायला लागले, आणि तू रहिमतपुरात अब्बांच्या टेलरिंगच्या दुकानात मागल्या बाजूला टेबल टाकलंस. लग्न केलं नाहीस. उसाच्या वजनकाट्यांसाठी प्रोग्राम लिहायचीस. ट्रॅक्टर भरून येतो, काट्यावर चढतो, भरलेलं वजन नोंदवायचं. ऊस उतरवून रिकामा परत येतो, मग त्याच नोंदीत रिकामं वजन लिहायचं. एवढंसं काम. पण सातारा-सांगलीकडच्या कितीतरी काट्यांवर तुझा प्रोग्राम चालायचा, आणि लाईट गेली, मशीन बंद पडलं, तरी तुझी फाईल शाबूत राहायची. मी मुलांना जे फळ्यावर शिकवायचे ते तू वडूजच्या उन्हात, ट्रॅक्टरच्या धुरळ्यात बसून करायचीस. आमचे हे फौजेतून सुट्टीवर आले की म्हणायचे, "शाहीनचं डोकं म्हणजे काय विचारू नकोस." मी विचारलंच नव्हतं. तरी सांगायचे.

मी फळ्यावर काय शिकवायचे? एक आडवी लांब पट्टी काढायचे. ही फाईल. तिचे सारख्या मापाचे कप्पे, एका कप्प्यात एकाची नोंद. फाईल उघडली की आपण या पट्टीवर एका ठिकाणी उभे असतो. तिथून वाचायचं, तिथंच लिहायचं. जेवढं वाचू तेवढे पुढं सरकतो. दुसरीकडं जायचं असेल तर जागा हलवायला लागते. सुरुवातीपासून मोजून जाता येतं, आहे तिथून पुढं-मागं जाता येतं, किंवा शेवटापासून मागं येता येतं. मी हे सगळं नीट, क्रमानं सांगायचे. मुलं वहीत उतरवून घ्यायची, परीक्षेत लिहायची आणि सुट्टीत विसरायची.

तू हे केतकीला शिकवलंस तेव्हा ती पाचवीत होती. आमच्या ह्यांची बदली जम्मूला झालेली आणि मला पेपर तपासायला साताऱ्याला जावं लागायचं, म्हणून तुझ्याकडं सोडायचे. संध्याकाळी न्यायला आले तर अब्बांचा मापाचा टेप दुकानभर पसरलेला, त्यावर एक टाचणी, आणि तुम्ही दोघी पालथ्या पडलेल्या. तू म्हणायचीस, "पयल्यापासनं बारा," की ती टाचणी बारावर. "आता हाय तिथनं मागं तीन," की टाचणी नवावर. "आता शेवटापासनं मागं पाच." ती खिदळत टेपचं दुसरं टोक धरायला पळायची.

मग तिनं टाचणी टेपच्या पलीकडं, खालच्या कापडात खुपसली आणि तुझ्याकडं बघितलं. मी असते तर म्हटलं असतं, तिथं फाईल संपली, तिथं जायचं नाही. तू म्हणालीस, "जाता येतं की. तिथं लिव्हलंस तर टेप तेवढा लांब हुतोय."

"आणि मग मधे काय?"

"मधी शून्यं. नुस्ती शून्यं."

"ती कोण भरणार?"

"ज्याला गरज पडंल त्यो भरंल. चल, आई आलीया, चप्पल घाल."

रस्त्यानं ती मला हे सगळं पुन्हा सांगत आली. मी म्हटलं, "मला माहीत आहे बाळा, मी हेच शिकवते कॉलेजात." तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी खोटं बोलतेय. "तू हेच शिकवतेस? मावशीसारखं?" म्हणाली. नाकाला मिरच्या झोंबल्या बघ. दुसऱ्या दिवशी मी बाजारातून नवाकोरा टेप घेऊन आले आणि वर्गात नेला. मुलांनी इतका गोंधळ घातला की शेजारच्या वर्गातल्या सरांनी येऊन दार लावून घेतलं. टेप कपाटात टाकला. हे तुला मी कधी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तर तू पोट धरून हसली असतीस, म्हणूनच सांगितलं नाही.

आपलं भांडण मात्र खरं एकाच गोष्टीवरून होतं आणि ते कॉलेजपासून चाललं होतं. वाचायला आणि लिहायला एकच जागा कशाला? वाचून झालं की आपण सरकलेलो असतो, आणि ते आपल्या ध्यानात नसतं. आपल्याला वाटतं आपण अजून त्याच नोंदीवर आहोत. लिहायला जावं तर लिहिलं जातं पुढच्याच्या नोंदीवर. वाचलं शिंद्याचं आणि पुसलं गेलं मान्याचं. म्हणून मी म्हणायचे, वाचायची जागा वेगळी ठेवा, लिहायची वेगळी. ज्याची त्याची. कुणी कुणाला ढकलायचं नाही. काही ठिकाणी तशी सोय असतेही. मी तुला पुरावे द्यायचे, पुस्तकांतली पानं दाखवायचे.

तू ऐकायची नाहीस. "आगं, वाचनारा आन् लिव्हनारा येकाच पायरीवर पायजेत. दोन जागा केल्या की दोन जागा सांभाळाया लागत्यात. वाच, मग मागं ये, मग लिव्ह. मागं याया काय पैसं पडत्यात व्हय?"

"विसरतात माणसं मागं यायला."

"मग इसरू नये," तू म्हणायचीस. हे काय उत्तर झालं? कोरेगावच्या स्टँडवर, तुझ्या दुकानात, आमच्या गच्चीवर पापड वाळत घालताना, कुठं कुठं आपण यावरून तोंड सोडलं असेल. आमचे हे एकदा म्हणाले, "एवढं तर आमी पाकिस्तानबरोबर पण भांडत न्हाई." त्यावर तू हसलीस, मी हसले नाही.

केतकीनं इंजिनिअरिंगला सांगलीला प्रवेश घेतला तेव्हा मला वाटलं, चला, आता पोरगी आपण शिकलो तिथं शिकेल, फोनवर मला विचारेल, मी सांगेन. आणि त्याच सुमारास तुझी किडनी गेली, तुला डायलिसिससाठी मिरजेला जायला लागलं. सांगली-मिरज काय, एकाच अंगणातली दोन घरं. केतकी कॉलेज सुटलं की थेट तुझ्याकडं. तू सुया टोचलेल्या हातानं पडून असायचीस आणि ती उशाशी लॅपटॉप घेऊन. मशीन तुझं रक्त धूत असायचं आणि तू तिच्या प्रोग्रामातल्या चुका काढत असायचीस. मी फोन केला की म्हणायची, "आई, नंतर करते, मावशीजवळ आहे." नंतर म्हणजे रात्री, झोप आल्यावर, "जेवलीस का, जेवले, ठेवू का" एवढंच.

तिला पुण्याला नोकरी करायची नाही, हे मला तुझ्याकडून कळलं. तिचं कुठल्यातरी मुलाशी होतं आणि मग नव्हतं, हेही तूच सांगितलंस. तेही असं सांगितलंस, जणू मला हे आधीच माहीत असणार. मी "हो, बोलली होती" म्हणाले. घरी जाऊन उशीत तोंड खुपसून रडले. पोटची पोर माझी, आणि तिच्या पोटातलं कळायला मला रहिमतपूर-मिरज करायला लागावं? तुझ्याकडं असं काय होतं ते मला सांग. कधी तू तिला ओरडली नाहीस, हे खरं. पण ओरडायचं काम मी करत होते म्हणून तुला ओरडावं लागलं नाही, हेही खरं आहे ना? अभ्यास मी घेतला, गोवरात रात्री मी जागवल्या, फी मी भरली, आणि गोड तू झालीस.

थांब. गोवरात तूही होतीस. मला कॉलेजातून रजा मिळेना तेव्हा दुकानाला कुलूप लावून आलीस आणि दिवसभर तिला मांडीवर घेऊन बसलीस. कडुनिंबाचा पाला तूच आणलास, आणि मी घरी आले तर मला म्हणालीस, "तू आधी जेव, तोंड बघ तुझं." तो भात तू केला होतास आणि त्यात मीठ नव्हतं. मी मुकाट्यानं खाल्ला. तू नसतीस तर माझी नोकरी टिकली नसती, हे मी कुणालाही सांगेन. फक्त तुला सांगायला जड जायचं.

शेवटची आपली भेट मिरजेत. तू अगदी वाळून गेलेली, ओठ पांढरे. केतकी चहा आणायला खाली गेली होती. तू म्हणालीस, "तुझी पोरगी लय हट्टी हाय बग. तुझ्यावर गेलीया." मला विचारायचं होतं, मग ती तुझ्याकडं का येते? अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात तूच काढलंस, "आन् तुझ्या दोन जागांचं काय झालं गं? आजून शिकीवतीस का पोरांना?"

मी म्हटलं, "शिकवते. आणि बरोबर शिकवते."

"चूक शिकीवतीस."

असे आपण पुन्हा सुरू झालो. तुझा आवाज निघत नव्हता आणि तरी तू हात उचलून सांगायला लागलीस, सुईची नळी ताणली गेली, मशीन ओरडायला लागलं. नर्स धावत आली. मला म्हणाली, "मावशी, पेशंटला बोलायला लावू नका." तू तिला सांगितलंस, "ही बोलायचीच." मग डोळे मिटलेस. केतकी चहा घेऊन आली तोवर तू झोपली होतीस. उरलेलं भांडण पुढच्या खेपेला करू म्हणून मी निघाले, कोरेगावची गाडी चुकली असती. मी घाई करायला नको होती, पण गाडी खरंच शेवटची होती.

आता मी तुला खरं सांगायला बसले आहे ते वेगळंच. ते परवा घडलं.

ऊस सुरू झाला. रहिमतपूरच्या अलीकडं तो गूळ पावडरीचा छोटा कारखाना आहे बघ, तुझ्या प्रोग्रामवर चालणारा, तिथं गाळपाच्या मुहूर्ताची मोळी टाकून झाली आणि काट्यावर रांग लागली. सकाळीच काट्यावरच्या अण्णांनी तुझ्या नंबरवर फोन लावला. तो उचलला अम्मीनं. आणि अम्मीनं फोन कुणाला लावला? मी कोरेगावात, हाकेच्या अंतरावर, कॉम्प्युटर शिकवण्यात केस पांढरे केलेली. अम्मीनं केतकीला लावला. ती सुट्टीला घरी आलेली, माझ्यासमोर पोहे खात होती. तिचा चेहरा उतरला. "मशीन गडबड करतंय, मला जायला लागेल," एवढंच म्हणाली. मी गाडीची किल्ली घेतली. "तू कशाला?" म्हणाली. मी पुढं जाऊन गाडी काढली.

रस्त्यात तिनं तुटक तुटक सांगितलं. एकाच्या नंबरवर दुसऱ्याचं नाव येतंय. परत आलेल्या ट्रॅक्टरवाल्यानं टोकन दिलं की पडद्यावर त्याच्या आधीचा माणूस. ऐकताक्षणी माझ्या ध्यानात आलं काय झालंय ते. वाचलं, मागं आलंच नाही, आणि लिहिलं. रिकाम्या वजनासकट अख्खी नोंद पुढच्याच्या डोक्यावर. ज्यावरून आपण जन्मभर भांडलो तीच चूक, तुझ्या प्रोग्रामात. शाहीन, तुला म्हणून सांगते, मला बरं वाटलं. चुकलीस तू. एकदा तरी चुकलीस, आणि मी म्हणत होते तिथंच चुकलीस. तुला जाऊन महिनाही झाला नव्हता आणि मी गाडी चालवता चालवता मनातल्या मनात तुला म्हणत होते, बघ, दोन जागा असत्या तर हे झालं असतं का?

काट्यावर पोचलो तर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग पार रस्त्यापर्यंत. खिडकीपाशी दहा-बारा माणसं. एक जण पडद्याकडं बोट दाखवून म्हणत होता, "आवं, टोकन माझं. मी शंकर. ह्यो बाळू कवाधरनं माझ्या नंबरावर ऱ्हायला आला?"

मागून बाळू म्हणाला, "मला हौस न्हाई तुझ्या नंबरावर ऱ्हायची. माझा मला द्या आन् सोडा."

"आन् माझ्या नंबरावर कोन हाय त्ये तरी बघा," तिसरा म्हणाला. हसत होते, पण सकाळपासून ताटकळलेली माणसं ती, केव्हा उसळतील सांगता येत नव्हतं. अण्णांनी आम्हाला आत घेतलं, खुर्ची दिली. केतकी मशीनसमोर बसली आणि तिनं प्रोग्राम उघडला. मी तिच्या मागं उभी. अण्णा लोकांना समजावत होते. "जरा दम काढा. बाईंचंच कायतरी ऱ्हायलं आसंल. आजारी मानूस, ध्यान कुठं आसतंय? करून गेल्या आन् आपल्या गळ्यात आलं."

वर्षानुवर्षं मी हे वाक्य कुणाच्यातरी तोंडून ऐकायची वाट बघत होते. बाईंचंच काहीतरी राहिलं असेल. कुणीतरी म्हणायला पाहिजे होतं ना एकदा. आणि अण्णा ते म्हणाले आणि माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"अण्णा, त्या बाईंचं नाव घेऊ नका," मी म्हटलं. "असली चूक त्या करायच्या नाहीत."

माझा वर्गातला आवाज लागला होता. अण्णा म्हणाले, "आवं म्याडम, मी आपलं म्हनलं..."

"म्हणू पण नका. मागं यायला ती बाई विसरली नाही कधी. मी तिला कॉलेजपासून ओळखते."

प्रोग्राम मी तोवर बघितलाही नव्हता, शाहीन. नुसती गाडीतली गोष्ट ऐकलेली. अर्ध्या तासापूर्वी तू चुकलीस म्हणून नाचत होते आणि आता तुझ्या वतीनं अण्णांशी भांडत होते. मला माझंच कळेना. केतकीचे हात कीबोर्डवर थांबले होते.

"आई," ती म्हणाली. मान वर केली नाही. "ती ओळ मी काढलीय."

तू आजारी असताना या काट्यावर नवं मशीन बसलं आणि प्रोग्राम त्यावर घालायचं काम तिनं केलं. घालता घालता तिला वाटलं, वाचलं तिथंच तर आहोत, मग पुन्हा मागं जायची ओळ कशाला? जास्तीची आहे. काढून टाकली. एकच ट्रॅक्टर आत-बाहेर करून बघितला, पावती बरोबर आली, म्हणून सोडून दिलं. एकच असला तर पुढचा कप्पा मोकळाच असतो, कुणाचं काही पुसलं जात नाही. तू बघणार होतीस, पण त्या आठवड्यात तुझे डोळे उघडत नव्हते. हे सगळं ती सगळ्यांसमोर सांगत होती, खिडकीतून शंकर आणि बाळू ऐकत होते. "मावशीला सांगणार होते मी," म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला.

मला सांगणार होते असं ती म्हणाली नाही. तेवढंही माझ्या कानांनी टिपलं. पोरगी चूक कबूल करतेय, रडतेय, आणि मी काय ऐकतेय? की ती चूक तुझ्याकडं घेऊन जाणार होती. चुका नेहमी तुझ्याकडंच आल्या. माझ्याकडं फक्त मार्कलिस्ट आली.

माझ्या जिभेवर काय होतं ते तुला माहीत आहे. नेहमीचंच: तरी मी सांगत होते. एवढी घाई कशाला? कुणाला न विचारता ओळ काढतेस? सगळं जिभेवर तयार. तिनंही खांदे आवळून धरले होते, तेच ऐकायच्या तयारीनं. लहानपणापासून ती असे खांदे आवळते. मागून एका ट्रॅक्टरनं हॉर्न दिला, मग दुसऱ्यानं, आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मी खिडकीतून हात बाहेर काढला आणि म्हटलं, "भरलेल्या वजनाची चिठ्ठी ज्याची त्याच्याजवळ आहे ना? द्या इकडं सगळ्यांनी."

केतकीनं डोळे पुसून माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "ओळ आधी परत घाल. मग मी वाचते, तू लिही."

तिनं ओळ घातली. मी एकदा बघून घेतली. मग अण्णांनी दुसरं स्टूल आणलं आणि मी तिच्या शेजारी बसले. इतक्या वर्षांत मी तिच्याजवळ असं कामाला कधी बसले नव्हते. अभ्यास घ्यायला बसले असेन, ते वेगळं. चिठ्ठ्या घामानं ओल्या झालेल्या, काहींवर तंबाखूचे डाग. मी टोकनचा नंबर वाचायचे, मग नाव, गाव, वजन. ती त्या जागी जायची, तिथं काय पडलंय ते बघायची, मागं यायची आणि खरं ते लिहायची. शंकर आधी मोकळा झाला. जाताना म्हणाला, "पोरगी हुशार हाय." कुणाची ते त्यानं विचारलं नाही.

ऊन चढलं. अण्णांनी चहा पाठवला, तो तसाच राहिला. सुरुवातीला मी वाचायचे आणि ती लिहून होईपर्यंत थांबायचे. मग सवय झाली. तिची बोटं थांबली की मी सुरू करायचे आणि माझा आवाज थांबला की तिची बोटं. बोलायची गरज उरली नाही. बाहेर काटा पुन्हा सुरू झाला होता, ट्रॅक्टर चढायचा तेव्हा खोलीची फरशी थरथरायची. ती पडद्यात पार बुडून गेली होती. तिचा चेहरा मी इतक्या जवळून बघत होते तरी तिला पत्ता नव्हता.

एका चिठ्ठीवरचं नाव पुसट होतं, ते लावता लावता माझा थोडा वेळ गेला. तिनं पडद्यावरची नजर न काढता हात पुढं केला.

"मावशी, पुढची."

तिला कळलंही नाही. अण्णांना कळलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मान फिरवून ते बाहेरचा ट्रॅक्टर बघायला लागले. मला तुझा असा राग आला शाहीन, असा राग आला, की हातातली चिठ्ठी दिसेना. मग मी ओ दिली आणि पुढची वाचली.